लिंगांतर, विवाह आणि पडदा

लिंगांतराच्या कथेवर रचलेल्या ऐतिहासिक चित्रपटाची खरी कसोटी देहाच्या चित्रणात नसून विवाहाच्या चित्रणात असते, असे माझे फार दिवसांचे मत आहे. देहाचे परिवर्तन कितीही क्लेशदायक असले तरी ते अखेर एका जीवाचे असते. परंतु विवाह म्हटला की त्यात दुसरे माणूस येते, दोन कुळे येतात, पुरोहित येतो, नोंदणी कार्यालयातील कारकून येतो, आणि ज्या समाजाने त्या दोघांच्या मस्तकावर अक्षता टाकलेल्या असतात तो समाजही जाब विचारावयास दाराशी येऊन उभा राहतो. देहाची कथा सांगणाऱ्या दिग्दर्शकास आरसा, वस्त्रे आणि एक कुशल नट एवढ्यावर पुष्कळसे काम भागविता येते; विवाहाची कथा सांगावयाची तर त्यास घर उभे करावे लागते, आणि त्या घरातील दुसऱ्या माणसाच्या मनात शिरावे लागते. ह्या दृष्टीने आपल्या व परक्या मुलखांतील काही चित्रपटांचा विचार येथे करावयाचा आहे. हा विचार उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ह्या कर्जत मार्गावरील तीन शहरांतून पाहणाऱ्याने केलेला आहे, कारण ज्या माणसांविषयी हे चित्रपट बोलतात ती माणसे ह्या मार्गावरच्या गाडीत रोज आपल्या शेजारी उभी असतात, आणि येथल्या लग्नाच्या व बारशाच्या घरी बधाई मागण्यास तीच येतात.

आरंभ परदेशातील उदाहरणापासून करणे सोयीचे आहे, कारण ह्या विषयावरील सर्वांत गाजलेला चित्रपट तोच. टॉम हूपर यांनी दिग्दर्शित केलेला ‘द डॅनिश गर्ल’ २०१५ साली प्रदर्शित झाला. १८८२ साली डेन्मार्कमध्ये जन्मलेले चित्रकार आयनार वेगेनर आणि त्यांची चित्रकार पत्नी गेर्डा यांचा विवाह १९०४ सालचा. गेर्डाच्या चित्रासाठी स्त्रीवेष धारण केलेल्या पतीच्या ठायी लिली नावाची स्त्री प्रकट होते, आणि पुढे १९३० व १९३१ या वर्षांत बर्लिन व ड्रेस्डेन येथे झालेल्या शस्त्रक्रियांनंतर त्या लिलीचा मृत्यू होतो, असा हा करुण वृत्तांत आहे. चित्रपट डेव्हिड एबरशॉफ यांच्या २००० सालच्या कादंबरीवर आधारलेला असल्यामुळे त्याने इतिहासाशी मोकळीक घेतली आहे. १९१२ पासून पॅरिसमध्ये राहत असलेले हे जोडपे त्याने १९२६ साली कोपनहेगनमध्ये ठेवले आहे. ह्या मोकळिकीचा मला विषाद वाटत नाही. विषाद वाटतो तो निराळ्या गोष्टीचा. डेन्मार्कच्या राजाने १९३० साली हा विवाह रद्दबातल ठरविला, कारण दोन स्त्रियांचा विवाह कायद्याच्या डोळ्यांस दिसूच शकत नव्हता. लिलीच्या मृत्यूपूर्वीच गेर्डाने एका इटालियन सैनिकी अधिकाऱ्याशी पुनर्विवाह केला होता. आणि स्वतः लिलीलाही एका पुरुषाशी लग्न करून माता व्हावयाचे होते, म्हणूनच तिने ती जीवघेणी अखेरची शस्त्रक्रिया पत्करली. म्हणजे प्रत्यक्ष इतिहासात एक विवाह राजाज्ञेने विसर्जित होतो आणि त्याच्या ठिकाणी दोन नवे विवाह, एक घडलेला व एक घडू न शकलेला, उभे राहतात. चित्रपटाने मात्र पहिल्या विवाहाचेच शोकगीत गाइले. मरणोन्मुख लिलीच्या शय्येशी गेर्डाला बसविले, आणि राजाच्या त्या हुकुमाला गौण स्थान दिले. गेर्डाच्या भूमिकेबद्दल अ‍ॅलिसिया विकांडर यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले ते सर्वथा उचित होते, कारण चित्रपटाचा जीव त्या पत्नीतच आहे. पण लिलीच्या मनातील विवाहेच्छा पडद्यावर जवळजवळ आलीच नाही. लिलीची भूमिका करणाऱ्या एडी रेडमेन यांनी २०२१ मध्ये, ती भूमिका आपण आज स्वीकारणार नाही, असे प्रांजळपणे सांगितले, आणि ह्या विषयावरील वादाचा रोख तेव्हापासून बहुतांशी नटाच्या निवडीकडे वळला. तो वाद महत्त्वाचा आहे, परंतु त्यामुळे कथेतील ही न्यूनता नजरेआड होऊ नये.

आपल्याकडे अशा कथेचे मूळ शोधावयास फार दूर जावे लागत नाही. महाभारताच्या उद्योगपर्वात शिखंडीचे जे आख्यान भीष्म सांगतात ते लिंगांतर व विवाह यांच्या संबंधाचे मला ठाऊक असलेले सर्वांत परिपूर्ण नाट्य आहे. द्रुपदाने कन्येस पुत्र म्हणून वाढविले, दशार्णाच्या हिरण्यवर्म्याची कन्या तिला करून दिली, आणि नववधूस सत्य कळताच हिरण्यवर्मा सैन्य घेऊन पांचालावर चालून आला. आपल्यामुळे मातापित्यांवर ओढवलेले संकट पाहून प्राणत्यागासाठी अरण्यात गेलेल्या शिखंडीस स्थूणाकर्ण नावाच्या यक्षाने आपले पुरुषत्व देऊन तिचे स्त्रीत्व स्वतः धारण केले. हिरण्यवर्म्याने स्त्रिया पाठवून परीक्षा करविली, आणि खात्री पटल्यावरच तो परतला. ह्या कथेत व्यासांनी काय काय पाहिले आहे हे ध्यानात घेण्याजोगे आहे. फसविल्या गेलेल्या वधूचे दुःख त्यांनी लपविले नाही. सासऱ्याचा क्रोध अन्याय्य ठरविला नाही. आणि पारख करण्यासाठी पाठविलेल्या त्या स्त्रियांच्या रूपाने, लिंगाचा दाखला मागणारी सत्ताही त्यांनी आख्यानात आणून बसविली. दोन हजार वर्षांहून जुन्या ह्या कथेवर मराठीत कोणी तितक्याच तोलाचा चित्रपट केला असता तर ह्या लेखाचा पुष्कळसा भाग लिहिण्याचे कारण उरले नसते.

मराठी रंगभूमीने मात्र वेगळा मार्ग धरला. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हापासून पाऊणशे वर्षांहून अधिक काळ मराठी नाटकातील नायिका पुरुषच होते, आणि ही परंपरा चित्रपटातही उतरली. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये १९१३ साली तारामती झाले ते अण्णा साळुंके, आणि १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये त्यांनी राम व सीता ह्या दोन्ही भूमिका केल्या. ह्या परंपरेचे शिखर म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात बालगंधर्व. १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आलेल्या आणि १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी स्थापन करणाऱ्या ह्या पुरुषाचे शालू, नथी आणि केशरचना पाहून महाराष्ट्रातील कुलीन स्त्रिया आपला वेष ठरवीत. ‘साध्वी मीराबाई’ ह्या बाबूराव पेंटरांच्या १९३७ सालच्या चित्रपटात पन्नाशीच्या उंबरठ्यावरील बालगंधर्व मीरा होऊन उभे राहिले. पण कॅमेऱ्याच्या निर्दय सान्निध्यात ती किमया टिकली नाही. नाट्यगृहातील अंतर आणि प्रेक्षकांची भावभक्ती ह्या दोन गोष्टींवर जी स्त्री उभी होती ती पडद्यावर एकाकी पडली.

नितीन देसाई यांनी निर्मिलेला आणि रवी जाधव यांनी दिग्दर्शित केलेला ‘बालगंधर्व’ २०११ च्या मे महिन्यात आला. सुबोध भावे यांचा अभिनय, विक्रम गायकवाड यांची राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त रंगभूषा आणि आनंद भाटे यांचे तितकेच गौरवलेले गायन ह्यांनी सजलेला तो चित्रपट शोभिवंत आहे, आणि १९११ च्या मार्च महिन्यात ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगादिवशीच अपत्य गमावूनही रंगभूमीवर उभ्या राहिलेल्या नटाची कथा तो मनोभावे सांगतो. बालगंधर्वांच्या चरित्रात लिंगांतर शोधणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. ते गृहस्थ होते, कर्जबाजारी होते, आणि स्त्रीवेष हे त्यांचे कलाव्रत होते. तरीही विवाहाचा प्रश्न त्यांच्या घरात होताच. ज्या पुरुषाच्या स्त्रीरूपावर सारा महाराष्ट्र लुब्ध आहे त्याच्या पत्नीने आपल्या संसाराचे मापन कशाने करावे? लक्ष्मीबाईंच्या मनातील ह्या प्रश्नापर्यंत चित्रपट येतो आणि तेथून सभ्यपणे मागे फिरतो. पुढे १९३८ साली गोहरबाई कर्नाटकी मंडळीत आल्या. ज्या समाजाने पुरुषाच्या स्त्रीवेषाची आरती केली त्या समाजाला त्याच पुरुषाची एका मुसलमान गायिकेशी झालेली संगत सहन झाली नाही. वेषाचे सीमोल्लंघन पूज्य आणि विवाहाचे सीमोल्लंघन निंद्य, हा त्या काळाचा निवाडा होता. त्याच निवाड्यावर एक संपूर्ण चित्रपट उभा राहू शकला असता.

त्याच दिग्दर्शकाचा ‘नटरंग’ ह्याच्या आदल्या वर्षीचा, १ जानेवारी २०१० चा. आनंद यादव यांच्या कादंबरीतील गुणा हा कागलचा शेतमजूर, अंगाने पैलवान. तमाशाच्या वेडापायी तो नाच्या होतो, आणि त्याचा देह, त्याची चाल, त्याची कीर्ती व अखेर त्याचा संसार ह्या सर्वांवर त्या सोंगाची छाया पडते. अतुल कुलकर्णी यांनी पैलवानाचा देह कमावून नंतर तो उतरविला ह्याची चर्चा पुष्कळ झाली. मला मोलाचे वाटते ते निराळेच. गुणाच्या पत्नीची, द्वारकीची, भूमिका विभावरी देशपांडे यांनी केली आहे, आणि बालगंधर्वांच्या पत्नीची भूमिकाही त्यांनीच केली आहे. एका अभिनेत्रीने लागोपाठ दोन वर्षांत, एकदा कागलच्या झोपडीत आणि एकदा नाटक मंडळीच्या बिऱ्हाडात, नवरा लुगडे नेसून लोकांपुढे उभा राहतो म्हणून मान खाली घातलेली स्त्री रंगविली. द्वारकीचे पात्र ह्या दोहोंत अधिक खरे उतरले आहे, कारण तिला भूक आहे, लेकरू आहे, गावाची बोलणी आहेत. आणि नवऱ्याच्या कलेविषयी आदर बाळगण्याची सक्ती तिच्यावर कथेने केलेली नाही. ती त्याला सोडून जाते तेव्हा प्रेक्षकाचे अंतःकरण दोन्हीकडे ओढले जाते, आणि हीच ह्या चित्रपटाची थोरवी आहे. अखेरीस वृद्ध गुणाला मिळणारा सन्मान मला अनावश्यक वाटतो. झालेल्या हानीची भरपाई टाळ्यांनी होते अशी समजूत त्याने पसरते. नाच्याच्या भूमिकांनी लोकप्रिय झालेल्या गणपत पाटील यांना प्रत्यक्ष आयुष्यात घरसंसार असूनही लोकांच्या कुत्सित दृष्टीचा जो जाच सोसावा लागला, त्याची भरपाई कोणत्या पुरस्काराने झाली?

‘जोगवा’ची गोष्ट ह्याहून अवघड आहे. राजीव पाटील दिग्दर्शित ह्या चित्रपटास राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ व ‘भंडारभोग’ ह्या कादंबऱ्यांचा आणि चारुता सागर यांच्या ‘दर्शन’ ह्या कथेचा आधार आहे, आणि २००८ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सामाजिक विषयावरील चित्रपटाचा, उपेंद्र लिमये यांना अभिनयाचा व अजय-अतुल यांना संगीताचा असे सन्मान त्यास मिळाले. डोक्यात जट आली म्हणून सुलीला देवीला सोडतात. देहाच्या व्याधीला देवीचा कौल समजून तायाप्पाला लुगडे नेसवितात. यल्लम्माच्या जोगत्याचे व जोगतिणीचे लग्न देवीशीच लागलेले असल्यामुळे माणसाशी लग्न त्यांना वर्ज्य; आणि नेमके तेच, एका पुरुषाचे एका स्त्रीवरील साधे प्रेम, ह्या दोघांच्या वाट्यास येते. विवाहाचा निषेध हा लिंगांतराच्या सक्तीचाच दुसरा भाग आहे, हे मराठी पडद्यावर इतक्या स्पष्टपणे प्रथमच दिसले. मुक्ता बर्वे यांची सुली तर विसरता येत नाही. परंतु येथे एक शंका मनात घर करून राहते. तायाप्पाचे लुगडे लादलेले आहे, म्हणून ते फेडणे ही त्याची मुक्ती ठरते. ह्यात काही वावगे नाही. पण सौंदत्तीच्या डोंगरावर आणि कोल्हापूर-बेळगावच्या मुलखात असेही पुष्कळ जोगते आहेत की ज्यांना देवीच्या आश्रयाखेरीज लुगडे नेसण्याची मुभा कोठेच मिळाली नसती. त्यांच्या दृष्टीने देवी ही जुलूम नसून आडोसा आहे. देवदासी प्रथेविरुद्धचे कायदे, १९३४ चा मुंबई इलाख्याचा आणि २००५ चा महाराष्ट्राचा, ज्या स्त्रियांच्या रक्षणासाठी झाले ते योग्यच होते; मात्र ह्या दुसऱ्या प्रकारच्या माणसांस त्या कायद्यांत जागा नव्हती, आणि ‘जोगवा’तही नाही. लादलेले लिंगांतर आणि आतून आलेले लिंगांतर ह्यांतील भेद जो चित्रपट मांडील तोच ह्या विषयाला पूर्ण न्याय देईल.

इतर कृतींचा परामर्श थोडक्यात घेतो. अमोल पालेकर यांच्या ‘दायरा’त, १९९६ साली, स्त्रीवेषातील पुरुष आणि अत्याचारग्रस्त मुलगी यांच्यातील स्नेह आहे, निर्मल पांडे यांना त्यातील भूमिकेसाठी फ्रान्समधील महोत्सवात उत्कृष्ट अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले ही घटना अपूर्व होय. विजय तेंडुलकर यांच्या कथेवरून रवी जाधव यांनी ‘मित्रा’ हा लघुपट केला. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरील काळ आणि एका तरुणीचे तरुणीवरील प्रेम असा त्याचा विषय आहे, त्यामुळे आपल्या प्रश्नाच्या तो केवळ सीमेवर येतो. ‘ताली’ ही जाधव यांचीच २०२३ सालची मालिका पारलिंगी कार्यकर्त्या गौरी सावंत यांच्या जीवनावर आहे, आणि तिच्यात विवाहाची जागा मातृत्वाने घेतली आहे. एकाच मराठी दिग्दर्शकाने तेरा-चौदा वर्षांत चार वेळा ह्या प्रदेशात पाऊल टाकावे ही लहान गोष्ट नव्हे. लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ हे ठाण्याच्या भूमीतून आलेले आत्मकथन २०१२ सालचे. दिशा पिंकी शेख यांच्या कवितांनी त्याच अनुभवाला निराळा आणि अधिक कठोर स्वर दिला. साहित्य ह्याबाबतीत पडद्याच्या पुढे गेले आहे.

काळ मागे नेऊन चित्रपट करावयाचा तर मराठी दप्तरखान्यांत विषयाला तोटा नाही. मराठेशाहीत हिजड्यांना वतने होती. कोठे जमीन, कोठे रोख नेमणूक, कोठे नेमलेल्या गावांतून भिक्षा मागण्याचा हक्क, आणि हे हक्क गुरूकडून चेल्याकडे वारसाने चालत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इनामांची चौकशी करणाऱ्या मुंबई सरकारपुढे ह्या सनदा आल्या तेव्हा, असल्या वतनास राज्याने मान्यता देणे नीतीस धरून नाही, अशी भूमिका साहेबाच्या अंमलाने घेतली. पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने, मुख्यतः उत्तरेकडे, त्यांची नोंदवही उघडली; तीत नाव पडलेल्या माणसास दत्तक घेणे, मृत्युपत्र करणे, अज्ञान मुलाचे पालक होणे ह्या सर्वांची मनाई झाली. ज्या सत्तेने दत्तक, वारसा आणि पालकत्व हे कुटुंबाचे तिन्ही खांब एका समूहाखालून काढून घेतले, त्याच सत्तेच्या काळात इकडे स्त्रीपार्टी नटांच्या संगीत नाटकांना राजेरजवाडे आश्रय देत होते. ह्या दोन प्रवाहांना एका कथेत आणणारा पटकथाकार मराठीला अद्याप लाभावयाचा आहे.

मध्यंतरी प्रत्यक्ष जीवन चित्रपटाला मागे टाकून पुढे गेले. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात आपले लिंग कोणते हे ठरविण्याचा अधिकार व्यक्तीचा स्वतःचा असल्याचा निर्णय दिला. त्या खटल्यात गौरी सावंत व लक्ष्मी त्रिपाठी यांचा वाटा होता. २२ एप्रिल २०१९ रोजी मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई पीठाने तुतिकोरिन येथील एका जोडप्याच्या प्रकरणात, हिंदू विवाह कायद्यातील वधू ह्या पदात पारलिंगी स्त्रीचाही अंतर्भाव होतो असे ठरवून, निबंधकाने नाकारलेली नोंद करण्याचा आदेश दिला. पुढे १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने समलिंगी विवाहास मान्यता नाकारली, तरी पारलिंगी स्त्री अथवा पुरुष यांना भिन्नलिंगी विवाहाचा हक्क विद्यमान कायद्यांखाली आहे, हे त्याच निकालात मान्य झाले. ज्या विवाहाची १९३१ साली लिलीने केवळ इच्छा बाळगली तो विवाह आता आपल्या देशात कायदेशीर आहे.

आणि ह्याचे मराठी उदाहरणही आहे. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या पोलीस ठाण्यात महिला शिपाई म्हणून नोकरीस असलेल्या ललिता साळवे यांनी २०१७ साली शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली, तेव्हा प्रश्न रजेचा राहिला नाही. भरती महिला म्हणून झालेली, पुरुषांसाठी उंचीचे निकष निराळे, मग शस्त्रक्रियेनंतर नोकरी कोणत्या सदरात टिकणार? अर्ज, नकार, उच्च न्यायालय, तेथून प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे बोट, अखेर शासनाची अनुमती, असा तो प्रवास झाला. आणि २०१८ च्या मे महिन्यात मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रियांस आरंभ होऊन ललित साळवे पोलीस दलात पुरुष शिपाई म्हणून रुजू झाले. २०२० च्या फेब्रुवारीत त्यांचा विवाह झाला, आणि २०२४ च्या जानेवारीत ते पिता झाले. सरकारी दप्तरातील मस्टर, सेवापुस्तक आणि रजेचा अर्ज ह्यांच्यातून वाट काढीत मंडपापर्यंत पोहोचलेली ही कथा ड्रेस्डेनच्या कथेहून कमी नाट्यमय नाही. शिवाय हिचा शेवट मृत्यूत नाही. लिंगांतराच्या कथेला शोकान्तच शोभतो असा जो एक ग्रह चित्रपटांनी रूढ केला आहे तो खोडून काढावयास माजलगावचा हा शिपाई पुरेसा आहे.

आता आपल्या तीन शहरांकडे वळतो. उल्हासनगर हे दुसऱ्या महायुद्धातील कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी वसविलेले नगर. १९४९ साली त्यास हे नाव मिळाले, आणि आजही लोक पत्ता सांगताना कॅम्प एक ते पाच असेच सांगतात. येथल्या पहिल्या पिढीने आपले पूर्वीचे घर, नाव, हुद्दा आणि मिळकत ही सरहद्दीपलीकडे राहिलेल्या कागदांनी सिद्ध करण्याचा क्लेश भोगला आहे. मागे राहिलेल्या मिळकतीच्या भरपाईसाठी क्लेमचे अर्ज भरताना आपण कोण होतो हे कारकुनास पटवून देण्याची वेळ ज्यांच्या आजोबांवर आली, त्यांना आपण कोण आहोत हे सांगण्यासाठी दाखला मागितला जाणाऱ्या माणसाचे दुःख परके वाटण्याचे कारण नाही. लग्नाचा बस्ता बांधण्यासाठी अंबरनाथ, बदलापूर व त्यापलीकडील गावांतून माणसे ह्याच उल्हासनगरच्या कापडबाजारात येतात. शालू, शेरवानी, घागरा हे सर्व तेथे मिळते, आणि ज्यांचे लग्न कोणी गृहीत धरीत नाही ती माणसेही त्याच गल्ल्यांतून खरेदी करीत असतात.

अंबरनाथला शके ९८२ मध्ये, म्हणजे १०६० साली, पूर्णत्वास गेलेले शिलाहारांचे शिवालय आहे, आणि महाशिवरात्रीला तेथे यात्रा भरते. पारलिंगी माणसांचा विषय निघाला की आपले सुशिक्षित लोक ह्याच शिवाच्या, घारापुरीच्या अर्धनारीनटेश्वर रूपाचा दाखला तत्परतेने देतात. आपल्या संस्कृतीने हे सारे पूर्वीच स्वीकारले होते असे त्यातून सुचविले जाते. मला हा युक्तिवाद पटत नाही. देव अर्धनारी असला तरी त्याला भाड्याची खोली शोधावी लागत नाही. बदलापुरात नव्या इमारती उठत आहेत, तुलनेने भाडे कमी म्हणून मुंबईचे नोकरदार तेथवर सरकत आहेत, आणि तेथे खोली मागावयास गेलेल्या पारलिंगी स्त्रीला, ती नोकरी करणारी असो, तिच्यासोबत तिचा नवरा असो, गृहसंस्थेची हरकत, दलालाची टाळाटाळ आणि शेजाऱ्यांची कुजबुज ह्यांना तोंड द्यावे लागते. विवाहाचा कायदेशीर हक्क मिळाल्यावर जो खरा संसार सुरू होतो तो ह्या खोलीत. आपल्या एकाही चित्रपटाने अद्याप ती खोली दाखविलेली नाही. सर्वांनी रंगमंच दाखविला, डोंगर दाखविला, न्यायालय दाखविले. स्वयंपाकघर राहून गेले.

असा चित्रपट करावयाचा तर त्यास लागणारे तपशील ह्याच मार्गावर आहेत, आणि कर्जतजवळ नितीन देसाई यांनी २००५ साली उभारलेला स्टुडिओही फार दूर नाही. पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांचा २०१९ सालचा कायदा १० जानेवारी २०२० पासून अंमलात आला, त्यानुसार ओळखपत्राचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांनी द्यावयाचा, म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ह्या तिन्ही ठिकाणच्या अर्जदाराचे प्रकरण ठाण्यास जाते. शस्त्रक्रियेनंतर पुरुष किंवा स्त्री अशी नोंद हवी असल्यास त्याच कायद्याने वैद्यकीय अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रासह पुन्हा अर्ज करावयास लावले. हिरण्यवर्म्याने पाठविलेल्या त्या परीक्षक स्त्रियांची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. मग आधार, शाळेचा दाखला, बँकेचे पुस्तक ह्यांवरील नाव बदलणे. आणि हे सर्व जुळल्यावर विवाहाची नोंद. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली ती महानगरपालिकेच्या अथवा नगरपरिषदेच्या विवाह निबंधकाकडे होते. ज्ञापनावर वराची सही, वधूची सही, विधी लावणाऱ्या पुरोहिताची सही, आणि तीन साक्षीदारांच्या सह्या. कायदा, न्यायालय आणि जिल्हाधिकारी ह्यांनी आपापले काम केले असे धरले तरी ह्या तीन सह्या मिळवून देणे कोणत्याही सरकारच्या हातात नाही. घरातून हाकलल्या गेलेल्या, गुरूच्या घराण्यात वाढलेल्या, रक्ताच्या नात्यांशी वर्षानुवर्षे बोलणे नसलेल्या मुलीच्या बाजूने सही कोण करील? तिची गुरू करील, गुरुबहीण करील. पण तिसरी सही करण्यास बदलापूरहून तिचा थोरला भाऊ येतो की नाही, ह्यावर मला पाहावयाचा आहे तो चित्रपट अवलंबून आहे.